पगडीच्या दुकानाची वेबसाइट

मल्हारगंज, इंदूर
४ जानेवारी २०२५

निवेदिता,

आशीर्वाद तुला न लिहिताही पोचतात, म्हणून सरळ कामाचं लिहिते. आत्याने फोन सोडून पत्र का टाकलं, असं तुला वाटेल. एक तर फोनवर बोललं की वरच्या मजल्यावर यशवर्धनला ऐकू जातं. दुसरं, मला आता फोनचाच भरवसा राहिला नाही. मागच्या हप्त्यात शेजारच्या जनाबाईंजवळ गुडघ्याच्या तेलाचं बोलले, तर संध्याकाळपासून फोनवर गुडघ्याच्या तेलाच्याच जाहिराती. मतलब कुणीतरी ऐकतंय. तू नाशिकला ह्याच इंटरनेटच्या धंद्यात आहेस, तूच सांग.

तुला माहीत आहे, आधी शाळा सांभाळून तुझ्या काकांसोबत पगड्या बांधायचे, ते गेल्यापासून नऊ वर्षं मी एकटीच बांधते. यश माझ्या धाकट्या दिराचा मुलगा, आई-बाप गेल्यावर दहा वर्षांचा असल्यापासून माझ्याजवळच वाढला. दिवसा ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात असतो. मागच्या वर्षी त्याने आपल्या दुकानाची वेबसाइट बनवली. मी हो म्हटलं. लग्नाच्या पगड्यांना आता धार, देवास, पार भोपाळहून मागणी येते, हेही खरं. मी पगडी बांधते आणि डब्यात घालून तो पाठवतो.

पण दिवाळीपासून त्याचं काहीतरी वेगळं चाललंय. मी खोलीत गेले की लॅपटॉप मिटतो. फोन आला की गच्चीवर जातो. मी काही विचारलं तर ट्रॅफिक, लीड, कन्व्हर्जन, बाउन्स असे शब्द तोंडावर फेकतो आणि उठतो. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी. ज्याला उत्तर द्यायचं नसतं तो अवघड शब्द वापरतो, हे मला पोरांनी केव्हाच शिकवलंय.

मला हे शब्द शिकव. सोप्या मराठीत, पहिलीच्या पोराला सांगतात तसे. आणि उत्तर पत्रानेच दे. पाकीट दुकानात येतं, मीच घेते.

तुझी आत्या
इंदुमती

---

नाशिक
११ जानेवारी २०२५

आत्या,

कितीतरी वर्षांनी हाताने पत्र लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

आधी तेलाचं. फोन ऐकतो की नाही यावर मी भांडणार नाही, पण तू जनाबाईंशी बोलल्यावर फोनवर तेलाचं नाव टाकून बघितलं असशील. आपण एखाद्या साइटवर गेलो की ती आपल्या फोनमध्ये एक चिठ्ठी ठेवून देते. तिला कुकी म्हणतात. पुढे दुसरीकडे गेलीस तरी चिठ्ठी वाचून जाहिरातवाल्याला कळतं, ह्या बाईंना तेल हवंय.

आता बाकीचे शब्द. आपलं दुकान डोळ्यांसमोर ठेव. डोमेन म्हणजे दुकानाचं नाव आणि पत्ता. ते कुणाच्या तरी नावावर नोंदवलेलं असतं आणि दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. होस्टिंग म्हणजे दुकान ज्या जागेत मांडलंय ती भाड्याची जागा. ट्रॅफिक म्हणजे दुकानात येणारी माणसं. त्यातली जाहिरात न करता, गूगलवर शोधून आपणहून आलेली ती ऑर्गॅनिक. पायरी चढून नुसतं डोकावून गेला तो बाउन्स. ज्याने नाव, नंबर आणि काय हवं ते लिहून ठेवलं, तो लीड. आणि त्यातला जो खरोखर पगडी घेऊन गेला, ते कन्व्हर्जन. एसइओ म्हणजे कुणी “इंदूर पगडी” असं शोधलं की आपलं दुकान यादीत वर यावं म्हणून केलेली खटपट. बस, एवढ्यावर माझ्या ऑफिसातली निम्मी माणसं पगार घेतात.

आता तू विचारलं नाहीस ते सांगते. यशला सहज विचारल्यासारखे दोन प्रश्न विचार. डोमेन कुणाच्या नावावर आहे? आणि साइटवरचा फॉर्म भरला की तो कुणाच्या मेलवर जातो? आमच्याकडे एक बाई होती. तिची साइट तिच्या जवळच्या मैत्रिणीने स्वतःच्या नावावर नोंदवली होती. दोन वर्षांनी एका सकाळी साइट उघडली तर मैत्रिणीचंच दुकान. गिऱ्हाईकं तीच, फोटो तेच, फक्त हिचं नाव नाही.

यश तसा असेल असं म्हणत नाही. पण विचार.

निवेदिता

---

मल्हारगंज
२० जानेवारी २०२५

निवेदिता,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं. परवा चहा देताना विचारलं, डोमेन कुणाच्या नावावर? कप तोंडाशी नेता नेता थांबला. म्हणाला, माझ्या. का, तर तेव्हा मी ओटीपी सांगायला तयार नव्हते म्हणे. हे खरं आहे, मी ओटीपी कुणाला सांगत नाही. पण पुन्हा विचारायचं की नाही? फॉर्म कुठे जातो विचारलं, तर त्याच्याच मेलवर. तू शिकवलेले शब्द माझ्या तोंडून ऐकून चमकला. म्हणाला, काकू, हे तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, पेपरात आलं होतं.

तो आंघोळीला गेला तेव्हा लॅपटॉप उघडाच होता. चोरून बघितलं, हो. ऑक्टोबर ते डिसेंबर, लीड सेहेचाळीस. मला त्याने सांगितल्या एकोणीस ऑर्डरी. मी एकोणीसच पगड्या बांधल्या. उरलेले सत्तावीस लोक पायरीवरून परत गेले असतील असं तू म्हणशील. मीही म्हटलं असतं. पण रविवारी दुपारी तो गाडीवर एक डबा घेऊन गेला. पगडीचाच डबा, वर माझी जुनी चादर बांधलेली. माझ्याकडे तेव्हा एकही पगडी तयार नव्हती. मग डब्यात काय होतं? संध्याकाळी आला तो मोकळ्या हातांनी. ऑफिसच्या कामाला गेलो होतो म्हणाला. रविवारी!

साच्यावर ताणायचं कापडही घरातून कमी होतंय. आधी वाटलं मीच विसरतेय, म्हणून कापडाच्या थानावर पेन्सिलीने खूण केली. चार दिवसांत खूण कापून गेली.

मला वाटतं तो दुसऱ्या कुणाकडून पगड्या बांधवून आपल्या दुकानाच्या नावावर विकतोय. तुझ्या काकांच्या नावावर.

इंदुमती आत्या

---

नाशिक
२७ जानेवारी २०२५

आत्या,

तुझं पत्र वाचून मला राहवलं नाही. मी इथून एक गोष्ट करून बघितली. मंजिरी नावाने खोटा मेल काढला आणि आपल्या साइटवर फॉर्म भरला. देवासला चौदा फेब्रुवारीला लग्न आहे, एक पगडी हवी, असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी यशचं उत्तर आलं, जसंच्या तसं उतरवते: “सध्या नवीन ऑर्डर घेणे शक्य नाही. क्षमस्व. घाईचे काम असल्यास कृपया अन्यत्र पाहावे.”

लग्नसराईच्या तोंडावर पगडीवाला ऑर्डर नाकारतो, आणि तू तिकडे हात रिकामे ठेवून बसलीयेस. साइटवर अभिप्रायांचं एक पान आहे, रिव्ह्यू म्हणतात त्यांना. त्यात चारच आहेत, चारही गोड. शेवटचा ऑक्टोबरातला. त्यानंतर एकोणीस घरांपैकी एकालाही दोन शब्द लिहावेसे वाटले नाहीत, हे मला पटत नाही. कुणीतरी ते पान धरून ठेवलंय. आमच्या धंद्यात असं तेव्हा करतात, जेव्हा जुनं दुकान हळूहळू मारून गिऱ्हाईक नव्या दुकानाकडे वळवायचं असतं.

आता गप्प बसू नकोस. पासवर्ड माग. साइटच्या आत जाण्याची चावी तुझ्या हातात यायलाच हवी. तो काय म्हणेल, त्याला काय वाटेल, याचा विचार नंतर. ज्यांनी तो विचार आधी केला ते सगळे पस्तावलेत.

निवेदिता

---

मल्हारगंज
३ फेब्रुवारी २०२५

निवेदिता,

मागितला. काल जेवताना. तो काही बोलायच्या आत मी सगळं बोलून टाकलं, सेहेचाळीस आणि एकोणीस, डबा, कापड, देवासची ऑर्डर. मंजिरी म्हणजे तू, हेही सांगितलं. शेवटी म्हटलं, “ह्या घरात खाऊन ह्याच घराची पाटी स्वतःच्या नावावर केलीस.”

तो भांडेल असं वाटलं होतं. त्याने ताटावरून हात उचलला, धुतला आणि म्हणाला, “पासवर्ड लिहून देतो, काकू.” कागदावर लिहून दिला आणि वर गेला. आज सकाळी चहाला उतरला नाही. जेवणाचा डबा न घेताच ऑफिसला गेला.

खरा असता तर बोलला नसता का? तूच सांग. मी तर ह्याच्यातून एवढाच अर्थ काढते.

आता आत कसं जायचं ते लिही.

आत्या

---

नाशिक
१० फेब्रुवारी २०२५

आत्या,

सोबत कागद जोडलाय, एकेक पायरी लिहून. पत्त्याच्या पट्टीत काय टाकायचं, नाव कुठे, पासवर्ड कुठे. आत गेलीस की डाव्या बाजूला यादी दिसेल. तिच्यात रिव्ह्यूवर बोट ठेव. कुणी अभिप्राय लिहिला की तो आधी मालकाला दिसतो, मालकाने हो म्हटलं तर साइटवर छापला जातो. हो म्हटलं नाही तर तो “पेंडिंग” म्हणून पडून राहतो. काय पडून आहे ते बघ. काही पुसलं असेल तर “ट्रॅश” म्हणजे कचऱ्याचा डबा आहे, त्यातही बघ.

यश अजून जेवायला येत नाही का?

निवेदिता

---

मल्हारगंज
१ मार्च २०२५

निवेदिता,

जवळजवळ चार आठवडे लिहिलं नाही. तू दोनदा फोन केलास तो मी उचलला नाही. आता सगळं लिहिते, एका बैठकीत. अक्षर वाकडं येईल. ते का, तेही ह्यातच आहे.

तुझा कागद समोर ठेवून आत गेले. कचऱ्याच्या डब्यात काही नव्हतं. पेंडिंगमध्ये नऊ अभिप्राय होते, सगळे वाईट. घड्या सैल. पेच, म्हणजे पगडीचे पिळाचे वेढे, एका बाजूला उतरलेले. जरीचा काठ तिरका. एकाने लिहिलं होतं, नाव ऐकून मागवली, शरम वाटली. मी वाचत गेले आणि माझं डोकं तापत गेलं. मला वाटलं, हेही त्यानेच लिहिलंय, खोट्या नावांनी. तू नाही का मंजिरी झालीस?

त्यात एक मानपुरच्या कस्तुरीबाईंचा होता, हॉटेलच्या नावासकट. म्हटलं, अशी बाई आहे तरी का ते बघू. कुणाला न सांगता बस धरली आणि महूच्या पुढे मानपुरला उतरले. हायवेवर पोहे-चहाचं हॉटेल, गल्ल्यावर बाई. खरीच होती. मी पगडीच्या दुकानाकडून चौकशीला आलेय एवढंच सांगितलं. मला वाटलं होतं ती भांडेल, पण तिने बसवून घेतलं, चहा दिला.

तिच्या भावाचा साखरपुडा होता डिसेंबरात. फोटो काढताना पगडी सुटली, एक पेच थेट खांद्यावर आला. सगळे हसले. तिने रागाने साइटवर लिहिलं. पुढच्या रविवारी तुमच्याकडचा माणूस गाडीवर आला म्हणाली, हात जोडून दुसरी पगडी देऊन गेला. आठ दिवसांनी लग्न झालं, नवरदेव दोन तास घोड्यावर होता, पगडी जरा हलली नाही. “आंटीजी, मी त्याला म्हटलं, भिया, माझं लिहिलेलं काढून टाक आता. तर म्हणे, राहू द्या, लिहिलंय ते खरंच आहे.”

पहिली पगडी तो परत मागत होता, हिने दिली नव्हती. दोन्ही आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या.

निवेदिता, सुटलेली पगडी माझी होती. माझं काम मला ओळखू येतं. घडी जिथे अंगठ्याने दाबून बसवायची तिथे ती दाबलीच गेली नव्हती, नुसती ठेवली होती. एका जागी नाही, सगळीकडे. मी ती हातात घेऊन आत बोट घातलं आणि बाईच्या देखत पेच उलगडला.

आणि दुसरी. घट्ट, सरळ, खळ बेताची. आधी वाटलं ग्वाल्हेरकडच्या कुणाची असेल. मग बघितलं, पेच उलटे वळलेले होते. आपल्या घराण्यात सगळे पेच उजवीकडे वळतात, हे डावीकडे. डावखुऱ्या हाताने बांधले की असे येतात. आपल्या घरात डावखुरा एकच. बारा वर्षांचा असताना तो तुझ्या काकांशेजारी बसून शिकायला लागला होता. मीच त्याला उठवलं होतं. म्हटलं होतं, उलटी पगडी कोण घालणार, अभ्यास कर.

बसमध्ये मी काही विचार केला असेल तर मला आठवत नाही.

तुला एक कळवलं नव्हतं. दिवाळीपासून माझा उजवा अंगठा थरथरतो. चहा सांडतो, सुई ओवता येत नाही. मी सगळ्यांपासून लपवलं. माझ्यापासूनसुद्धा, थंडी आहे असं म्हणून. त्याने पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं.

घरी येऊन वर गेले. त्याच्या दाराशी उभी राहिले आणि म्हटलं, मानपुरला जाऊन आले. तो उठून उभा राहिला. मग त्याने सांगितलं, आणि अर्धंअधिक मीच विचारून काढलं. तक्रार आली की तो ऑफिसच्या गोदामामागच्या खोलीत रविवारी बसून नवी पगडी बांधायचा. पहिल्या चार उकलून टाकल्या, पाचवी जमली. एका रविवारी एकच होते. म्हणून नव्या ऑर्डरी नाकारायचा. मला जेवढ्या सांगायचा तेवढ्या मी बांधाव्या, त्यातल्या बिघडतील त्या त्याने पुन्हा बांधाव्या, असा हिशोब.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? त्या दिवशी जेवताना तरी?

तो म्हणाला, “काय सांगू काकू? तुझा हात गेला, असं?”

आत्या

---

नाशिक
८ मार्च २०२५

आत्या,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि मला उठून बाहेर जावं लागलं.

माझ्यासमोर सगळे आकडे होते. लीड सेहेचाळीस, कन्व्हर्जन एकोणीस, रिव्ह्यू बंद, ऑर्डरी नाकारलेल्या. बारा वर्षं मी आकडे वाचते आणि त्यातून माणूस काय करतोय ते लोकांना सांगते. यशचं मी साफ चुकीचं सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, तुला पेटवलं.

का, ते तुला कळायला हवं. ज्या बाईची साइट मैत्रिणीने घेतली ती आमच्याकडची कुणी नव्हती. ती मी होते. मैत्रीण म्हणजे श्रेया, माझ्या लग्नात माझ्या मागे उभी होती ती. घरी कुणाला सांगितलं नाही, बाबांनाही नाही. लोकांना सावध राहायला शिकवणारी मुलगी स्वतः फसली, हे सांगायचं कसं? तेव्हापासून कुणाचंही डोमेन कुणाच्याही नावावर दिसलं की मला श्रेयाच दिसते.

यशला मी पत्र लिहायला बसले होते. चार ओळींपुढे गेलं नाही. तूच त्याला सांग. नको, सांगू नकोस. मी रंगपंचमीनंतर इंदूरला येते, स्वतः सांगते.

डॉक्टरांकडे गेलीस का? ते आधी लिही.

निवेदिता

---

मल्हारगंज
१४ एप्रिल २०२५

निवेदिता,

तू येऊन गेलीस आणि घर जरा बोलतं झालं. गच्चीवर तुम्ही दोघं काय बोललात ते मी विचारलं नाही. विचारायची इच्छा फार झाली.

डॉक्टरांनी तपासलं. गोळ्यांनी थरथर कमी होईल, जाणार नाही. लिहिता येईल, स्वयंपाक करता येईल. पगडीचं त्यांना विचारलंच नाही, ते मला माहीत होतं.

तू गेल्यावर एक काम केलं. ते नऊच्या नऊ अभिप्राय साइटवर छापले. यश नको म्हणत होता, तूही फोनवर म्हणालीस की असं कुणी करत नाही, आलेलं ट्रॅफिक पळून जाईल. पळू दे. प्रत्येकाखाली मी स्वतः उत्तर लिहिलं. बोटाने एकेक अक्षर शोधत, दोन दिवस लागले. चूक माझ्या हाताची होती, दुसरी पगडी यशवर्धनने बांधून दिली, आता दुकानात तोच बांधतो, पेच डावीकडे वळतील, चालत असेल तरच मागवा. खाली माझं नाव घातलं.

पंधरा दिवस एकही फॉर्म आला नाही. यशने मला एका शब्दाने टोचलं नाही. त्याचा मला जास्त त्रास झाला.

त्याने ऑफिस सोडलेलं नाही. सकाळी दोन तास आणि रविवारी खाली दुकानात बसतो, साच्यासमोर, तुझ्या काकांच्या जागेवर. मी शेजारी बसते. घडी कुठे दाबायची ते तोंडाने सांगते. पुष्कळदा त्याला ते माझ्याहून चांगलं कळतं. मग मी गप्प बसते. हे मला अजून नीट जमत नाही. त्या दिवशी जेवताना झालेलं बोलणं आम्ही दोघांनीही पुन्हा काढलं नाही. मी एकदा काढायला गेले, तर तो म्हणाला, काकू, खळ पातळ झालीये, जरा बघ. मी बघितली. पातळ नव्हती.

काल रविवारी धारचे एक गृहस्थ आले, मुलीच्या लग्नाचं बघायला, होणाऱ्या जावयाला सोबत घेऊन. साइट वाचूनच आले होते. सगळे अभिप्राय वाचले म्हणाले, वाईट असलेलेसुद्धा. कपाटातली एक पगडी उचलली, आतून बाहेरून फिरवून बघितली, पेचांवरून बोट फिरवलं. चाळीस वर्षं ह्या दुकानात असं बोट फिरवलं की माणूस माझ्याकडे किंवा तुझ्या काकांकडे बघतो. ह्यांनीही माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “बाई, ही तुमच्या हातची?”

तोंडात हो आलं होतं. खोटं बोलायला नव्हे, सवयीने.

मी म्हटलं, नाही. ह्याच्या हातची. आणि यशला म्हटलं, ऊठ, जावयाच्या डोक्याचं माप घे.

इंदुमती आत्या